सेल्फ-टायमरच्या फोटोत डोंगर स्पष्ट आणि आपण दोघं धूसर, असं का होतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर ट्रायपॉड लावला, दहा सेकंदांचा टायमर दिला, धावत जाऊन दोघं उभे राहिलात. घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडला तर मागचा ब्रह्मगिरी कड्याच्या रेघारेघांसकट लख्ख आणि तुम्ही दोघं दुधी काचेमागे उभे असल्यासारखे. लग्नाला वर्ष होत आलं आणि दोघांचे धड असे दोनच फोटो आहेत, तेही दुसऱ्या कुणी काढलेले. पुढच्या महिन्यात हंपीला जाताय. तुमच्याकडे डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स) आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. नवीन कॅमेरा घ्यावा का, असं शेवटी विचारलंय.

नवीन कॅमेरा घेऊ नका. तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर ब्रह्मगिरी होता. त्याने ब्रह्मगिरीवर फोकस धरला आणि तो तसाच धरून दहा सेकंद थांबला. बहुतेक डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस होतो तो बटण दाबताना, टायमर संपताना नाही. दाबताना तुमची जागा रिकामी होती. म्हणून काम एकच आहे: जिथे उभे राहणार त्या जागेवर आधी फोकस करायचा आणि फोटो निघेपर्यंत तो हलू द्यायचा नाही. बाकी जे पुढे लिहितोय ते सगळं याच्या नंतरचं.

माझ्या वडिलांकडे रशियन झेनिट कॅमेरा होता. त्याला पुढच्या बाजूला टायमरची दांडी होती. ती ओढून बटण दाबलं की घरघर करत परत जागेवर यायची आणि मग शटर पडायचं. ऑटोफोकस त्यात नव्हताच. वडील आईला गंगेच्या पायरीवर उभी करायचे (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), पावलांनी अंतर मोजायचे, लेन्सवरच्या मीटरच्या आकड्यावर रिंग आणायचे आणि दांडी ओढून तिच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. त्या अल्बममध्ये दोघांचे जेवढे फोटो आहेत त्यातला एकही फोकसपायी वाया गेलेला नाही. ऑटोफोकस आल्यावर आपण अंतर ठरवायची ती पायरीच गाळली. लग्नाचे फोटो काढत मला आता बावीस वर्षं झाली, आणि सेल्फ-टायमरचे बिघडलेले फोटो लोक दाखवतात तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण हेच निघतं.

आम्ही दोघं गंगापूर धरणाच्या काठावर हे कसं करतो ते सांगतो. ट्रायपॉड लावून चौकट ठरली की बायको जागेवर जाऊन उभी राहते. मी फोकसचा चौकोन मधोमध न ठेवता बाणांच्या बटणांनी तिच्या चेहऱ्यावर सरकवतो. बटण अर्धं दाबतो, बीप येतो, बोट उचलतो आणि लेन्सच्या कडेचा खटका एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) ढकलतो. त्यानंतर फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही आणि झूमलाही नाही, कारण झूम बदलला की बऱ्याच लेन्समध्ये फोकसही सरकतो. तोवर बायकोने आपल्या पावलांच्या रेषेत, हातभर अंतरावर माझ्यासाठी एक दगड ठेवलेला असतो. टायमर सुरू करून मी चालत जातो आणि त्या दगडापाशी उभा राहतो. धावायची गरज पडत नाही. दोघांच्या चपलांचे अंगठे एका रेषेत आले की चेहरेही साधारण एका अंतरावर येतात.

यातली एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. लोक मधल्या चौकोनाने फोकस घ्यायला कॅमेरा वाकवतात, मग परत सरळ करतात. लांबच्या फोटोत ते खपतं. अडीच-तीन मीटरवर, उघड्या अ‍ॅपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक मोठं असताना), तेवढ्या वळणाने फोकस चेहऱ्याच्या मागे जाऊन बसतो. कॅमेरा हलवू नका, चौकोन सरकवा.

कधी दोघांनाही कॅमेऱ्यापाशी थांबून काही ठरवायचं असतं. तेव्हा जागेवर वस्तू ठेवा, पण कुठलीही नको. कॅमेऱ्याला फोकस धरायला काळं-पांढरं, कडा, अक्षरं लागतात. स्टीलची गुळगुळीत बाटली किंवा एकरंगी ओढणी असली की लेन्स मागेपुढे चाचपडत राहते. छापील लेबलची पाण्याची बाटली चांगली. आमच्या बॅगेत कायम एक जुना कॅलेंडरचा पुठ्ठा असतो, त्यावरच्या तारखांचे ठळक आकडे कॅमेरा लगेच पकडतो. तो पुठ्ठा दगडाला टेकवून उभा करायचा, आपण उभे राहणार त्याच अंतरावर, आणि फोकस बांधून झाल्यावर उचलून घ्यायचा. गेल्या दिवाळीत त्याचा एक कोपरा फोटोत राहिला होता, म्हणून आता उचलायचं काम बायकोकडे आहे.

खटका रोज मागेपुढे करायचा कंटाळा येत असेल तर फोकस पाठीमागच्या बटणावर घ्या. कॅननच्या मेनूत फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन किंवा तारांकित बटणाला देता येतो. निकॉनच्या अनेक मॉडेलांत एई-एल/एएफ-एल बटणाला तेच काम देता येतं. मग अंगठ्याने एकदा फोकस केला की शटर कितीही वेळा दाबा, फोकस जागचा हलत नाही. माझे दोन्ही कॅमेरे कायम याच सेटिंगला असतात.

आणि टायमर सुरू करताना कॅमेऱ्याच्या मागे उभे राहा. पुढून वाकून बटण दाबलं तर लेन्ससमोर तुमचं कोपर असतं आणि ऑटोफोकस चालू असेल तर कॅमेरा कोपरावर फोकस करतो. मग डोंगरही धूसर आणि तुम्हीही.

आता अ‍ॅपर्चर. एफचा आकडा जितका लहान तितकं ते भोक मोठं आणि स्पष्ट राहणारा पट्टा अरुंद. मागचं सगळं विरघळलेलं दिसावं म्हणून तुम्ही ५० एमएम एफ १.८ला लावताय, हा मोह मला समजतो. पण तुमच्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) आकाराच्या कॅमेऱ्यात, ५० एमएमला, एफ १.८ला, तीन मीटरवरच्या माणसामागे-पुढे मिळून जेमतेम २६ सेंटिमीटर पट्टा स्पष्ट राहतो. वीतभरापेक्षा थोडा जास्त. नवऱ्याने मागून खांद्यावर हनुवटी टेकवली की त्याचा चेहरा त्या पट्ट्याच्या काठावर गेलाच. तीच लेन्स एफ ८ला नेली की पट्टा सव्वा मीटरच्या आसपास होतो. किट लेन्स ३५ एमएमवर, एफ ८ला, तीन मीटरवर फोकस केली तर साधारण २.२ मीटरपासून ४.९ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे एखादं पाऊल चुकलं तरी चालतं. प्रवासात दोघांच्या फोटोला मी किट लेन्सच वापरायला सांगेन. ५० एमएम वापरायचीच असेल तर एफ ४च्या खाली उतरू नका, आणि गाल गालाला लागलेले असोत.

फोटो बिघडला की तो का बिघडला हे त्या फोटोतच लिहिलेलं असतं, ते वाचायला शिका. मागचं स्पष्ट आणि माणसं धूसर: फोकस. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी, झाडांच्या फांद्याही दुहेरी: ट्रायपॉड हलला. मागचं स्पष्ट, चेहराही बरा, पण हात आणि केस फिसकटलेले: शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटतं तो वेग) कमी पडला. सगळ्यावर पांढुरकी साय: लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा किंवा बाष्प. पहिला फोटो निघाला की कॅमेऱ्यापाशी जा आणि स्क्रीनवर डोळ्यांपर्यंत झूम करून पाहा. पूर्ण चौकट त्या छोट्या पडद्यावर नेहमीच छान दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. पापण्या सुट्या दिसल्या तरच पुढचे फोटो काढा. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि अंजनेरी परत चढायला अख्खा दिवस.

शटर स्पीड उन्हात किमान १/१२५ सेकंद ठेवा, वारा असेल तर १/२५०, हातात हात घालून चालतानाचा फोटो हवा असेल तर १/५००. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००, १६०० करायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला चेहरा काही करून दुरुस्त होत नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, या सगळ्या ठिकाणी वाऱ्याचा जोर असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढूच नका, पाय पूर्ण फाकवा, आणि बॅग मधल्या हुकाला अडकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली अडकवा. लोंबकळणारी बॅग वाऱ्याने झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. कॅमेऱ्याचा गळपट्टाही काढून ठेवा किंवा गुंडाळून बांधा, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. लेन्समध्ये स्थिरतेचं बटण असेल तर ट्रायपॉडवर असताना बंद करा.

डीएसएलआरबाबत आणखी एक गोष्ट. टायमरने फोटो काढताना व्ह्यूफाइंडरला तुमचा डोळा लागलेला नसतो, आणि सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर त्या खिडकीतून उजेड आत शिरून कॅमेऱ्याचा उजेडाचा हिशेब चुकतो. फोटो काळपट येतो. अनेक कॅननच्या गळपट्ट्यावर एक रबरी झाकण असतं ते याचसाठी. ते नसेल तर रुमाल टाका.

अंजनेरीवर तुम्ही संध्याकाळी गेला असाल तर आणखी एक कारण असू शकतं. तिथून ब्रह्मगिरी पश्चिमेला येतो. संध्याकाळी ब्रह्मगिरी मागे घेऊन उभं राहिलं की सूर्य सरळ लेन्समध्ये, चेहरे अंधारात, आणि अशा वेळी फोकसही नीट पकडत नाही. तिथे सकाळी जा. पूर्वेचा उजेड तुमच्या तोंडावर येईल आणि मागच्या कड्यावरही.

एकच फोटो काढून परत धावत यायची पद्धत सोडा. कॅननमध्ये टायमरला लागून २ ते १० फोटो ओळीने काढायची सोय असते, निकॉनमध्ये मेनूतून १ ते ९ आकडा देता येतो, सोनीत ३ किंवा ५. मी पाच ठेवतो. पहिल्या फोटोत सगळे ताठ असतात. शटर वाजला, झालं, असं वाटून अंग सैल सोडतात, आणि तिसरा-चौथा फोटो खरा निघतो. आमच्या दिवाणखान्यात लावलेला फोटो असाच आहे. शेवटच्या दोन सेकंदांत बीप भराभर वाजायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चष्मा!" मी चष्म्याला हात लावला, ती हसली, आणि तो फोटो निघाला.

दोघांनी आपला फोटो आपणच काढायची हौस आपल्याकडे जुनी आहे. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य आणि महाराणी मनमोहिनी देवी यांचा १८८०च्या सुमाराचा शेजारी बसलेला फोटो आहे. तो लांब तारेने शटर ओढून महाराजांनी स्वतःच काढला, असं सांगतात. आज त्या तारेचं काम तुमचा मोबाइल करतो, आणि माझ्या मते टायमरपेक्षा हा रस्ता चांगला. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स अ‍ॅप, यांपैकी तुमच्या कॅमेऱ्याला चालणारं अ‍ॅप घाला. कॅमेऱ्यात वायफाय असेल आणि मॉडेल साथ देत असेल तर तो काय पाहतोय ते मोबाइलवर दिसतं आणि पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की तिथेच फोकस होतो. आता तुम्ही चौकटीत असतानाच फोकस होतोय, म्हणजे मूळ अडचणच मिटली. वायफाय कॅमेऱ्याचं स्वतःचं असतं, त्याला गडावर रेंज लागत नाही. फक्त मोबाइलचा डेटा बंद करून ठेवा, नाहीतर या वायफायवर इंटरनेट नाही म्हणून मोबाइल कॅमेऱ्याला सोडून देतो. अ‍ॅपमधून टिपतानाही दोन सेकंदांचा टायमर ठेवा, मोबाइल खिशात घालायला तेवढा वेळ पुरतो. बॅटरी मात्र भराभर उतरते, एक जास्तीची बरोबर असू द्या. ही जोडणी घरच्या गच्चीवर दोन-तीनदा करून बघा, पहिल्यांदाच हंपीत करायला जाऊ नका.

फक्त मोबाइलवर काढायचे असतील तर फोकसची कटकट कमी, कारण बहुतेक फोन चेहरा दिसला की फोकस त्याच्याकडे नेतात. तिथे चुका वेगळ्या होतात. लेन्स रुमालाने नव्हे, चष्म्याच्या मऊ कापडाने पुसा; मिसळ खाल्लेल्या बोटाचा ठसा लेन्सवर असेल तर कुठलाही फोन शार्प फोटो देणार नाही. मागचा कॅमेरा वापरा, पुढचा नको. अति-रुंद लेन्सने काढू नका, चौकटीच्या कडेचा चेहरा आडवा ताणला जातो. फोन दूर ठेवून साध्या किंवा दुप्पट झूमच्या लेन्सने काढा. अंधारात नाइट मोड काही सेकंद उजेड गोळा करत असतो, तेवढा वेळ दोघांनी पुतळ्यासारखं थांबायचं, नाहीतर तो बंद करायचा.

संध्याकाळी रामकुंडावर, गोदाघाटावर दिवे लागल्यानंतरचा फोटो सगळ्यांना हवा असतो, आणि सगळ्यात जास्त फोटो तिथेच बिघडतात. उजेड इतका कमी असतो की ऑटोफोकस चाचपडतो. फोकस घेताना बायकोला हातातल्या मोबाइलचा टॉर्च आपल्या चेहऱ्यावर धरायला सांगा, फोकस बांधा, खटका एमएफवर, टॉर्च बंद. मग एफ ४, आयएसओ १६००, आणि शटर १/१५पर्यंत उतरलं तरी चालेल, पण एका अटीवर: दोघांनी एकमेकांना टेकून उभं राहायचं, बीप भराभर वाजायला लागला की श्वास सोडायचा आणि तसंच थांबायचं. माणूस मोकळा उभा असला की नकळत डोलतो, टेकून उभा राहिला की कमी डोलतो. अशा वेळी पाचऐवजी नऊ फोटो घ्या, दोन तरी स्थिर निघतात. आणि तिथल्या गर्दीत ट्रायपॉड वाटेत रोवू नका. लोक पूजेला, अस्थिविसर्जनाला आलेले असतात.

जागेबद्दल एक कळकळीने सांगतो. टायमर लावून कड्याकडे, मागे मागे सरकत, कधीही जाऊ नका. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर किंवा पावसाळ्यात पहिने गावच्या शेवाळलेल्या दगडांवर दहा सेकंदांची शर्यत खेळण्यासारखा फोटो जगात नाही. आधी दोघांनी जागेवर बसावं, पाय रोवावेत, आणि मग मोबाइलवरून टिपावं. आम्ही पावसाळ्यात असं बसूनच काढतो.

हंपीत, आणि इथे आपल्या पांडवलेणीवरही, स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत आणि ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. म्हणून माझ्या बॅगेत ट्रायपॉडबरोबर मुगाची पिशवी असते. बायकोने जुन्या जीन्सच्या पायाची शिवली आहे, वीतभर लांब, आत अर्धा किलो मूग, तोंडाला दुहेरी टीप. कट्ट्यावर, पायरीवर, गाडीच्या बॉनेटवर (इंजिन बंद करून) पिशवी ठेवायची, मधे मुठीने खळगा करायचा आणि कॅमेरा त्यात दाबून बसवायचा. मूग लेन्सखाली सरकून कॅमेऱ्याला घट्ट धरतात. कॅमेरा थोडा वर बघायला हवा असेल तर पुढच्या बाजूला मूग ढकलायचे. बुटक्या ट्रायपॉडपेक्षा मला ही पिशवी जास्त स्थिर वाटते. तिच्यावरही फोकसची रीत तीच: एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने चेहऱ्यावर फोकस बांधायचा.

शेवटचं, त्या खटक्याबद्दल. एकदा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे आम्ही दोघांचा फोटो काढला, छान आला, ट्रायपॉड आवरला आणि मनोऱ्याकडे निघालो. पाच मिनिटांत चमचे बगळ्यांचा थवा पाण्यावरून उठला. मी ओळीने चाळीसेक फोटो काढले. लेन्स एमएफवर, तीन मीटरवर बांधलेली तशीच राहिली होती. त्या चाळिसात एकही पक्षी ओळखू येत नाही. तेव्हापासून ट्रायपॉडचे पाय मिटताना बायको दर वेळी विचारते, "खटका?" आणि मी लेन्सच्या कडेला बोट फिरवून तो एएफवर आहे ना ते चाचपून बघतो. तुम्हीही दोघांपैकी एकाकडे हे काम द्या.